साउंड बदलला

हा माणूस तुमच्याही गावात आहे, त्यामुळे त्याची ओळख करून देण्यात वेळ घालवत नाही. फरक इतकाच, की तुमच्याकडचा रफीवरून नाहीतर रहमानवरून भांडत असेल; आमच्या बालाघाटातला ग्रीन डेवरून भांडतो. ग्रीन डे म्हणजे कॅलिफोर्नियातल्या तिघांचा बँड. 1987 पासून वाजवतायत. गिटारवर तीन-चार कॉर्ड, ड्रमला मागे कुत्रं लागल्यासारखी लय, आणि वर सहज तोंडात बसणारी चाल. या प्रकाराला पॉप पंक म्हणतात. वैनगंगेच्या काठी हे खूळ पोचलं कसं ते सांगतोच, पण आधी मला माझा राग काढू द्या.

परवा शेजारी सत्यनारायण होता. आरती संपली, घंटी थांबली, शिऱ्याचा द्रोण हातात आला, आणि मागून कुणीतरी अत्यंत दुःखी आवाजात म्हणालं, "साउंड बदलला." कशाचा? घंटीचा. जुनी घंटी लेकीकडे रायपूरला गेली म्हणे, ही नवी आणलेली. यजमानांचा चेहरा असा पडला, की आता सगळी पूजा पहिल्या अध्यायापासून पुन्हा घालावी लागणार.

खरं नाव त्याच्या आधार कार्डावर आहे, ते तिथंच राहू दे. आम्ही त्याला साउंडभाऊ म्हणतो. पन्नाशीला टेकलाय, वह्या-पुस्तकांचं दुकान आहे, आणि कान, त्याच्या मते, देवाची देणगी आहे. घरी वहिनींनी नवा कुकर घेतला. पहिल्या शिट्टीला हा वर्तमानपत्रातून डोकं वर काढून म्हणाला, "साउंड बदलला." वहिनी म्हणाल्या, "भात तोच आहे, गिळा." तर दोन घास खाऊन हा म्हणतो, "नाही, चिन्नोरचाही बदलला." चिन्नोर आमच्या जिल्ह्याचा तांदूळ. 2021 मध्ये त्याला जीआय मानांकन मिळालं, अख्खं गाव खूश झालं. आणि हा माणूस दर हिवाळ्यात नव्या तांदळाची मूठ कानाशी नेऊन हलवतो. पोरं वही घ्यायला आली की पानं फर्रकन उलटून दाखवतो आणि स्वतःच्याच मालाबद्दल म्हणतो, "पहिल्यासारखा साउंड नाही रे, पण घेऊन जा." अशाने धंदा कसा चालतो हे कोडं आहे. मान्सूनच्या गडगडाटाबद्दलही त्याचं मत आहे. ते मी ऐकून घेतलं नाही.

एकदाच फक्त सगळं गाव त्याच्या बाजूनं होतं. छोटी लाइन बंद झाली तेव्हा. अडीच फुटी रुळांवरची ती गाडी विसाव्या शतकाच्या सुरुवातीपासून बालाघाट, नैनपूर, जबलपूर अशी सातपुड्यातून रमतगमत जायची. उतरून लघुशंका करून पुन्हा चढता येतं अशी तिची ख्याती होती. 2015 मध्ये ती थांबली, पुढं त्याच वाटेनं मोठी लाइन आली. पहिल्यांदा मोठ्या गाडीचा भोंगा वाजला तेव्हा साउंडभाऊनं तोंड उघडायच्या आत आजूबाजूच्या चौघांनी म्हटलं, "साउंड बदलला." हा इतका हिरमुसला, की दोन दिवस कुणाशी बोलला नाही. आपली तक्रार दुसऱ्यानं करावी यासारखं दुःख नाही.

तर हे खूळ आलं नागपूरहून, 1996 च्या सुमारास. हा तिथं कॉलेजच्या हॉस्टेलवर. ग्रीन डेचा 'डूकी' हा अल्बम 1994 चा. कुणाकडून तरी तो साठ मिनिटांच्या कोऱ्या कॅसेटवर उतरवून यानं सुट्टीत बालाघाटला आणला आणि वडिलांच्या जपानी टू-इन-वनवर लावला. वडिलांनी बाहेर येऊन विचारलं, "कोण मेलं?" त्या दिवसापासून या घरात संगीत म्हणजे ती कॅसेट. कॅसेटीची एक बाजू तीस मिनिटांची, अल्बम चाळीसच्या आसपास. त्यामुळे शेवटाकडचं एक गाणं मधेच तुटतं आणि बाजू पालटल्यावर पुढं सुरू होतं. आजही ते गाणं कुठंही अखंड लागलं, की हा त्या जागी दचकतो. "इथं थांबायला पाहिजे," म्हणतो, "दम घ्यायची जागा आहे ती."

आणि मग ऱ्हासाचा इतिहास. हा इतिहास त्यानं मला लग्नाच्या पंगतीत सांगितलाय, काली पुतली चौकात पावसात उभं करून सांगितलाय, एकदा तर स्मशानातून परत येताना सांगितलाय. 1997: एका गाण्यात व्हायोलिनं घातली, तिथं पहिली पाल चुकचुकली. 2000: हाती साधी गिटार धरली, म्हणजे संन्यासच. 2004: 'अमेरिकन इडियट'. जगानं डोक्यावर घेतला, ग्रॅमी मिळालं, 2010 मध्ये ब्रॉडवेवर त्याचं नाटक झालं. "संगीत नाटक!" हा दोन्ही हात वर करून ओरडतो, "अबे पंकवाल्यांचं संगीत नाटक! आता नांदी म्हणा अन् पडदा वर करा!" 2012: तीन महिन्यांत तीन अल्बम. "हे काय रेशन आहे?" 2020: पुरता अर्धा तासही न चालणारा अल्बम, त्यात गळा चोरून काढलेला बारीक आवाज. या टप्प्याला तो बोलत नाही, फक्त चष्मा काढून पुसतो.

रविवारी दुपारी शटर अर्धं खाली ओढून दुकानात चर्चा भरते. विरोधी पक्षनेता त्याचा भाचा. पुण्यात नोकरीला आहे; इथं असला तर बाकावर, नसला तर फोनच्या स्पीकरवर. तो 'अमेरिकन इडियट'वर वाढलेला.

"मामा, तो अल्बम आला नसता तर तुमच्या डूकीचं नाव कोणी घेतलं असतं काय?"

"त्यात नऊ मिनिटांचं गाणं आहे बे! पंक आहे का कीर्तन आहे? मधात बुक्का लावायला उठायचं काय?"

"बँड वाढला, मामा. माणसं वाढतात."

"वाढले ना. वजन वाढते, साखर वाढते, तसे वाढले."

एकदा या चर्चेत कॉलेजातला एक पोरगा येऊन बसला. रीलवर दोन गाणी ऐकली होती त्यानं. सगळ्यांचं शांतपणे ऐकून म्हणाला, "काका, मला तर सगळंच आवडते." दुकानात अशी शांतता मी आधी पाहिली नव्हती. मामा आणि भाचा, आयुष्यात पहिल्यांदा, एका पक्षात आले.

साउंडभाऊचा गर्व एकदाच उतरला. नागपूरचा एक जुना हॉस्टेलवाला भेटायला आला होता. यानं डूकीचं कौतुक सुरू केलं तसा पाहुणा चहा बशीत ओतत म्हणाला, "तिथंच तर बिघडले ना ते. खरा ग्रीन डे म्हणजे 'करप्लंक'पर्यंतचा." 'करप्लंक' हा त्यांचा त्याआधीचा अल्बम, छोट्या कंपनीचा. त्यानंतर मोठ्या कंपनीशी करार केला म्हणून बर्कलेच्या ज्या गिलमन स्ट्रीट क्लबात ते लहानाचे मोठे झाले, त्याच क्लबानं त्यांना दार बंद केलं, ते 2015 पर्यंत. म्हणजे ज्या अल्बमला साउंडभाऊ मूळपीठ समजून पूजत होता, तो आल्या आल्याच तिकडे कुणीतरी म्हणून बसलं होतं: साउंड बदलला. पाहुणा गेल्यावर हा बराच वेळ पेन्सिली मोजत बसला. प्रत्येक साउंडभाऊला त्याच्याहून जुना साउंडभाऊ भेटतोच. निसर्गाची व्यवस्था आहे.

शिवाय हे घराण्यातच आहे. याच्या आजोबांकडे ग्रामोफोन होता आणि बाल कुमार गंधर्वांच्या तबकड्या होत्या. पोरवयात सभा जिंकणारा तो गवई क्षयानं आजारी पडून 1948 मध्ये देवासला आला, काही वर्षं गाणंच थांबलं, आणि पुन्हा गाऊ लागला तेव्हा माळव्यातली लोकगीतं, निर्गुणी भजनं आणि छोट्या श्वासाची ती तुटक, लखलखीत गायकी घेऊन उभा राहिला. त्यावरून महाराष्ट्रात किती वाद झाले ते तुम्ही जाणता. देवास आणि बालाघाट 1956 पासून एकाच राज्यात, पण आजोबांनी शेवटपर्यंत रेडिओवर नवे कुमार लागले, की बटण फिरवलं आणि म्हटलं, "सूर पालटला." नातवानं फक्त इंग्रजी केलं. पुढं याच नातवानं कुमारांच्या भजनांची सीडी आणली, कारण ते "आवाज गेल्यावरही खरे राहिले." आजोबा असते तर दोघांचं जमलं नसतं.

मार्च 2025 मध्ये ग्रीन डे पहिल्यांदा भारतात आला. मुंबईत, महालक्ष्मी रेसकोर्सवर, लोलापालूझा संगीत महोत्सवात. साउंडभाऊ गोंदियाहून विदर्भ एक्सप्रेसनं गेला. तिकिटाचा आकडा वहिनींना अजून कळलेला नाही आणि हे लिखाण त्या वाचणार, म्हणून इथंही तो येणार नाही. भाचा पुण्याहून येऊन मिळाला. भाचा सांगतो, डूकीतलं 'बास्केट केस' सुरू झालं तसा मामा उड्या मारायला लागला, चपलीचा अंगठा तुटला तरी थांबला नाही, आणि डोळ्यांतून धार लागलेली. परत आल्यावर मी विचारलं, "कसा झाला?" म्हणाला, "बरा होता. पण जरा घाईत होते. अन् पट्टी चढवून गात होते. साउंड बदलला." पन्नाशीच्या पुढची माणसं, इतक्या वर्षांनी, तेच गाणं, लाखभर मैल फिरलेल्या गळ्यानं म्हणतायत, आणि याचं म्हणणं, पट्टी चढली!

खुलासा गेल्या दिवाळीत झाला. भाच्यानं मामाला भेट म्हणून तो टू-इन-वन दुरुस्त करायला घेतला. मागचे स्क्रू काढले, आतला धुळीचा थर फुंकला, आणि मोटर व चाकाच्या मधला रबरी बेल्ट चिमटीत धरून वर काढला. काळा, तुकतुकीत, बोटाला चिकटणारा. हातात धरला तर गोल राहीना, शेवयीसारखा लोंबायला लागला. वडिलांच्या काळापासून तोच. त्यानं पुण्याहून आणलेला नवा बेल्ट घातला, तीच कॅसेट लावली. साउंडभाऊनं अर्धा मिनिट ऐकलं आणि उभा राहिला.

"साउंड बदलला."

आणि या खेपेला, सांगायला जड जातं, पण तो बरोबर होता. भाच्यानं मोबाइलवर मोजून पाहिलं. ढिल्या बेल्टमुळे ते यंत्र इतकी वर्षं जवळजवळ अर्धा सूर खाली आणि किंचित सावकाश वाजत होतं. काळी एकचं गाणं पांढरी एकमध्ये. वर मधूनमधून लहर यायची, तिला हा 'भाव' म्हणायचा. सीडी आली, नेटवर गाणी आली, 2023 मध्ये डूकीची तीस वर्षांची खास आवृत्ती आली, प्रत्येक वेळी यानं नाक मुरडलं की आवाज पातळ केला, घाई केली, पट्टी चढवली. बँडनं सूर बदलण्याच्या कितीतरी आधी आमच्या टू-इन-वननं तो बदलून ठेवला होता. ज्या अल्बमसाठी हा माणूस जगाशी भांडला, तो कॅलिफोर्नियात कधी निघालाच नव्हता. त्याची एकच प्रत, बालाघाटात, त्याच्या घरी.

गावात ही गोष्ट एका दिवसात पसरली. चहाच्या ठेल्यावर लोक हसून हसून लोळले. मीही हसलो. पण हसणाऱ्यांत कोण होतं ते बघत होतो. त्यातल्या एकालाही ग्रीन डेच्या ड्रमरचं नाव सांगता आलं नसतं. या माणसानं त्यांचे चौदाच्या चौदा अल्बम पहिल्यापासून शेवटपर्यंत ऐकलेत. 2020 चा तर दरवर्षी एकदा ऐकतो, अजून वाईटच आहे ना याची खात्री करायला. 2024 चा 'सेव्हियर्स' आला त्या दिवशी डूकीचाच निर्माता रॉब कॅव्हालो परत आलाय म्हणून यानं दुकान बंद ठेवलं होतं. आमच्यापैकी कुणी कशासाठी दुकान बंद ठेवतं? आम्हाला सगळंच आवडते, म्हणजे आम्ही काहीच ऐकत नाही. शिकलेली पोरं नागपूर, पुणे, बेंगळुरू धरतात. नदीवरचा पूल, शाळेची घंटा, छोटी गाडी, कशाचा आवाज कसा होता हे कुणीतरी गावात बसून लक्षात ठेवायला हवं ना? तो ठेवतो. चुकीचा ठेवतो, अर्धा सूर खाली ठेवतो, पण ठेवतो.

खुलाशानंतर तो गप्प झाला. वाटलं, सुटलो. आठवड्यानं कळलं, की तो गोंदियात दुकानादुकानांत जाऊन जुना, ढिला बेल्ट मागतोय. भाच्यानं आधीचा फेकून दिला होता. भाच्यानं मोबाइलवर वेग कमी करून डूकीतलं गाणं त्याच जुन्या पट्टीत ऐकवलं, तर म्हणे, "लहर नाही याच्यात."

माझं नागपूरला काम निघालं होतं. काम आटोपलं आणि पाय आपोआप सीताबर्डीकडे वळले. जुन्या रेडिओ-टेपच्या एका दुकानदाराला विचारलं, या मापाचा बेल्ट आहे का, पण जुना, वापरलेला, ढिला. त्यानं मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं आणि नवाच बेल्ट कागदाच्या पुडीत बांधला.

"हाच घेऊन जा भाऊ," म्हणाला, "रोज वाजवाल तर वीस-तीस वर्षांत आपोआप ढिला होते."