खोलल्याशिवाय सांगता येत नाही

माझ्या गाडीला चार चाकं आहेत आणि ती चारही ओढतात. हे वाक्य मी गेली चार वर्षं लग्नांत, मुंजींत आणि एकदा दशक्रियेच्या घाटावरसुद्धा लोकांना ऐकवलेलं आहे. समोरचा विचारतो, "मग बाकीच्यांच्या गाड्यांची किती ओढतात?" मी म्हणतो, "दोनच." तो म्हणतो, "मग त्या कशा चालतात?" इथे विषय संपतो, कारण त्या माझ्या गाडीपेक्षा बऱ्या चालतात.

गाडी सेकंडहँड आहे. विकताना आधीच्या मालकाच्या डोळ्यांत पाणी आलं होतं. ते विरहाचं असावं असा माझा समज झाला. सहा महिन्यांनी तो रस्त्यात भेटला तेव्हा दहा वर्षांनी तरुण दिसत होता.

बँकेत तीस वर्षं काढल्यामुळे मला वही ठेवायची खोड आहे. डाव्या पानावर गाडीची किंमत, ४,८०,००० रुपये. त्याखाली चार वर्षांची दुरुस्ती, ३,१२,६५० रुपये. उजव्या पानावर 'चारही चाकांची प्रत्यक्ष गरज पडली' असा मथळा आहे. त्याखाली दोन नोंदी. पहिली, सोसायटीच्या माळ्यानं रात्रभर पाइप चालू ठेवला त्या सकाळी पार्किंगमध्ये झालेला चिखल. दुसरी मी नंतर खोडली, कारण त्या दिवशी हँडब्रेक ओढलेला होता.

खर्च का होतो, हे मला आता पाठ आहे. साध्या गाडीत दोन ठिकाणी ऑइल असतं, इंजिनात आणि गिअरबॉक्समध्ये. माझ्या गाडीत पाच ठिकाणी: इंजिन, गिअरबॉक्स, पुढच्या चाकांकडे ताकद वळवणारा ट्रान्स्फर केस, पुढचा डिफरन्शियल आणि मागचा डिफरन्शियल. पाच ठिकाणी ऑइल म्हणजे पाच ठिकाणांहून गळती. ऑइल सील १८० रुपयांचं असतं, पण त्याच्यापर्यंत पोचायला गिअरबॉक्स उतरवावा लागतो, त्याची मजुरी ६,०००. दाराची कडी बसवायला भिंत पाडावी तसा हा व्यवहार. एकदा एक टायर काचेनं फाटला, तर चारही बदलावे लागले. एक नवा आणि तीन झिजलेले असले की चाकांच्या घेरात फरक पडतो आणि चार चाकं जोडली की तो फरक आतल्या गिअरांना सोसावा लागतो. चौघांचं वय सारखं हवं. एकत्र कुटुंबातही एवढा आग्रह नसतो.

या सगळ्याच्या मुळाशी पुण्यातल्या आमच्या मेकॅनिकचं एक वाक्य आहे. काहीही विचारा, तो गाडीकडे न बघता म्हणतो, "खोलल्याशिवाय सांगता येत नाही." खोलल्यावर मात्र सांगायचं थांबत नाही.

तर मार्चमध्ये बायको म्हणाली, वेळासला कासवांची पिल्लं समुद्रात सोडतात, ती बघायची आहेत. ऑलिव्ह रिडले जातीची कासवं किनाऱ्यावर अंडी घालून निघून जातात आणि साधारण पन्नास दिवसांनी पिल्लं वर येतात. २००२ मध्ये चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र या संस्थेनं गावकऱ्यांना बरोबर घेऊन ती अंडी राखायला सुरुवात केली. हे सगळं बायको मला सांगत होती. मी फक्त 'किनारा' हा शब्द ऐकला. किनारा म्हणजे वाळू. वाळू म्हणजे लिव्हर.

लिव्हर म्हणजे गिअरच्या शेजारचा तो दुसरा, बुटका दांडा. मी गाडी त्या दांड्यासाठी घेतली, हे अजून घरात कुणाला सांगितलेलं नाही.

भोरमार्गे निघालो. नीरा देवघरचं पाणी डाव्या हाताला की उजव्या, ते आठवत नाही, कारण मी टेंपरेचरचा काटा बघत होतो. वरंधा घाटात वाघजाईच्या देवळापाशी गरम भजी खाल्ली. समोर दरी होती, ती बायकोनं बघितली.

भज्यांनंतर थोडं खाली रस्त्याचं काम चाललं होतं आणि तीसेक फूट सुटी खडी पसरलेली होती. माझ्यापुढचा तीनचाकी टेम्पो कोंबड्यांचे खुराडे घेऊन त्यावरून खडखडत निघून गेला. मी थांबलो.

"काय झालं?" बायकोनं विचारलं.

"चार चाकं टाकतो."

"अहो, आत्ता कोंबड्या गेल्या तिथून!"

पण चार वर्षं आणि तीन लाख बारा हजार ओरडत होते. मी लिव्हर ओढला आणि थेट 'फोर लो'मध्ये टाकला. ही चढ-चिखलासाठीची सगळ्यात ताकदीची आणि सगळ्यात संथ जोडी. खालून 'खट्' असा आवाज आला. काय तो आवाज! तीस फूट खडी मी एखादा किल्ला सर करावा तशी ओलांडली. पलीकडे डांबर लागलं. लिव्हर परत ढकलला. तो हलला नाही.

दोन हातांनी ओढला, पायानं रेटला. बायकोला म्हटलं, "तू पण धर." तिनं धरला, आणि आम्ही दोघं समुद्रमंथन करत असताना मागे हॉर्न वाजला. एसटी होती. घाटात थांबायला जागा नव्हती. निघालो.

'फोर लो'मध्ये गाडी वीस-पंचवीसच्या वर गेली की इंजिन किंचाळतं. महाड तीसेक किलोमीटर, आणि सगळा रस्ता वळणांचा. आता वळण घेताना काय होतं, ते सांगतो, कारण ही एकच तांत्रिक गोष्ट मला अंगानं कळलेली आहे. वळणावर पुढची चाकं मोठं वर्तुळ काढतात, मागची छोटं. माझ्यासारख्या गाडीत पुढचा आणि मागचा एक्सल थेट एकमेकांना जोडला जातो, मधे फरक सांभाळून घेणारं कुणी नसतं. सप्तपदीत नवरा-नवरीच्या उपरण्याची गाठ बांधतात, तशी ही गाठ. एक भराभर चालला आणि दुसरी रेंगाळली की गाठ ताणते. चिखलात पाय घसरतात, त्यामुळे ताण आपोआप सुटतो. कोरड्या डांबरावर पाय घसरत नाहीत, मग ताण साठत जातो आणि लिव्हरचे दाते त्या ताणात आवळून बसतात. म्हणजे जितका चालवीन तितका तो घट्ट. हे मला त्या वेळी माहीत नव्हतं. मी 'चालवून चालवून सुटेल' या तत्त्वावर चालवत होतो. या तत्त्वावर मी एक गुडघाही घालवलेला आहे.

प्रत्येक वळणाला गाडी अडून बसायची, मग उडी मारल्यासारखी पुढे यायची. स्टिअरिंग तर विहिरीवरचा रहाट. मागे एसटी, तिच्यामागे उसाचा नव्हे पण तेवढाच रुंद ट्रक, दोन जीप, आणि मोटारसायकली मोजत नाही. पुढे मी. वरातीत नवरदेव असतो तसा, फक्त कुणी नाचत नव्हतं. एका वळणावर एसटीचा ड्रायव्हर शेजारून जाताना म्हणाला, "साहेब, दुसरा टाका!" मी आयुष्यात पहिल्यांदा एका ड्रायव्हरला काय उत्तर द्यावं, हे न कळून नमस्कार केला. बायकोनं तोपर्यंत बहिणीला फोन लावला होता. रेंज येत-जात होती, त्यामुळे मला तुकडे ऐकू आले: "...नाही गं, गाडी चांगली आहे..." मग काही नाही, मग "...त्यांच्यासारखीच."

बिरवाडी मागे टाकून महाडला पोचलो तेव्हा उजवा हात खांद्यापासून माझा राहिला नव्हता. महामार्गालगत एक गॅरेज दिसलं. पांढऱ्या दाढीचे एक चाचा बाजल्यावर बसून चहा पीत होते.

"कधीपासून टाकलाय?"

"वरंध्यापासून."

"डांबरावर?"

"डांबरावर."

चाचांनी कप खाली ठेवला आणि आत हाक मारली, "पोरा, इकडे ये, बघून घे." मग गाडीत बसले, स्टिअरिंग सरळ धरलं, दहा-बारा फूट सरळ मागे घेतली आणि दोन बोटांनी लिव्हर काढला. खट्.

माझा चेहरा बघून म्हणाले, "मागे घेतली की पीळ उलगडतो. एवढंच."

मी पाकीट काढलं. पण चाचा तोवर गाडीखाली गेले होते. खालून काहीच आवाज येईना. माझ्या आयुष्यातले सगळे मोठे खर्च या शांततेतून जन्मले आहेत. मग दोन पायांच्या वरून आवाज आला, "खोलायला लागेल."

पुढच्या शाफ्टचे दोन्ही क्रॉस, म्हणजे त्याच्या दोन टोकांचे सांधे, गेले होते. क्रॉस पनवेलहून एसटीच्या पार्सलनं यायचे, म्हणजे उद्या. बायकोनं घड्याळ बघितलं, पिशवी उचलली आणि म्हणाली, "मंडणगडची गाडी आहे साडेतीनला." २०२३ पासून महिलांना एसटीत अर्धं तिकीट आहे. तिचा वेळासपर्यंतचा सगळा प्रवास, मंडणगडपुढच्या रिक्षासकट, माझ्या एका ऑइल सीलच्या आसपास पडला असावा. मी विचारलं नाही.

राहिलो एका लॉजवर. सकाळी चवदार तळ्यावर गेलो. २० मार्च १९२७ ला बाबासाहेबांनी ज्या पाण्याला ओंजळ लावली, त्याच्या काठावर अर्धा तास बसलो आणि तेवढा अर्धा तास गाडी आठवली नाही.

पार्सल दुपारी आलं. चाचा खाली आणि मी बाजल्यावर. भिंतीवर शटरच्याही वर, सगळ्या गॅरेजभर एक तपकिरी रेघ होती. मला वाटलं, रंगाचा पट्टा असेल. विचारलं.

"पाणी," चाचा खालून म्हणाले.

२०२१ च्या जुलैतलं. रात्रीत सावित्री नदी शहरात आली. लेथ पाण्याखाली, जॅक-पाने कुठे गेले पत्ता नाही, गिऱ्हाइकाची एक गाडी पलीकडच्या कुंपणावर चढून बसलेली. त्याच दिवशी तिकडे तळिये गावावर डोंगर आला. चाचांचा एक जुना गिऱ्हाईक तळियेचा होता. हे सांगताना पाना थांबला, मग पुन्हा फिरायला लागला. पाणी उतरलं तेव्हा आत गुडघाभर चिखल. पुढे महिनाभर ते आणि पोरगा लोकांच्या इंजिनांतून चिखलच काढत होते. पैशांचं विचारलं तर म्हणाले, "कुणाकडे मागणार? ते पण वाहून गेलेले."

मला काहीतरी बोलायचं होतं म्हणून मी विचारलं, "त्यात फोर बाय फोर होत्या का?"

"होत्या दोन."

"मग?"

"तरंगल्या."

बिल झालं ३,९६० रुपये. दोन क्रॉस १,४००, सील १६०, गिअर ऑइल ९००, मजुरी १,५००. पुण्यात एवढ्यात ते नुसतं बघतात. मी बेरीज दोनदा केली. आयुष्यात पहिल्यांदा घासाघीस करावीशी वाटली, पण उलट्या दिशेनं. चार हजार हातात ठेवले आणि "राहू द्या" म्हणालो. चाचांनी गल्ल्यातून चाळीस रुपये मोजून परत केले आणि एक सूचना दिली: महिन्यातून एकदा लिव्हर टाकायचा, मातीवर, दोन किलोमीटर सरळ. नाही वापरला की आतलं ऑइल फिरत नाही, दांडा जाम होतो. "जपून ठेवलंत म्हणून गेलं," म्हणाले.

संध्याकाळी बायको मंडणगडच्या एसटीतून उतरली. हातात कोकम सरबताची बाटली, चेहरा उन्हानं रापलेला, पायांना वाळू. एकवीस पिल्लं सुटली म्हणाली. तळहाताएवढीसुद्धा नाहीत. टोपलीखालून काढून वाळूवर ठेवली की अंधूक प्रकाशातसुद्धा बरोबर पाण्याकडे निघतात. लाट मागे फेकते, उलटी होतात, सुलटी होतात, पुन्हा निघतात.

"चारही पाय एकदम?" मी विचारलं.

ती माझ्याकडे बघत राहिली. "होय हो," मग म्हणाली, "चारही." आणि माझा उजवा हात हातात घेऊन चोळायला लागली. हे तिनं सहसा केलेलं नाही.

परत येताना त्याच खडीवर गाडी आपसूक हळू झाली. बायको काहीच बोलली नाही. मी दोन चाकांवर गेलो. खडीला फरक कळला नाही.

आता महिन्याच्या पहिल्या रविवारी मी लिव्हर टाकायला जातो. पुण्यात माती शोधणं सोपं नाही. बाणेरच्या पुढे एका बांधकामाच्या मोकळ्या प्लॉटवर मी सकाळी सरळ रेषेत पुढे-मागे, पुढे-मागे करतो. पहिल्या महिन्यात वॉचमननं हटकलं, तेव्हा घाबरून "फ्लॅट बघायला आलोय" म्हणालो. दुसऱ्या महिन्यात सेल्समननं ब्रोशर दिलं. तिसऱ्या महिन्यात त्यानं गार लिंबू सरबत आणून दिलं आणि म्हणाला, "सर, दर वेळी नुसत्या चकरा मारून जाता. सॅम्पल फ्लॅट आतून बघा तरी."

मी विचारलं, "पार्किंगचं काय?"

"एकदम ए-वन, सर. सगळं काँक्रीट करणार. माती औषधालाही सापडणार नाही."

मी ब्रोशर परत दिलं.