बघूवीर

धाराशिव जिल्ह्यातल्या वाशीच्या शिवारात सोयाबीनची पेरणी उरकते, कोळपणी सुरू होते, तरी इंजिनिअरिंगच्या प्रवेशाचे कॅप राउंड चालूच असतात. वडिलांचं बियाणं दुकानाच्या एका फेरीत ठरलेलं असतं. पोराचं अजून 'बघू' असतं. हा आमचा बघूवीर.

बघूवीर म्हणजे सीईटीत नको तेवढे मार्क पडलेला मुलगा. कमी पडले असते तर नशिबानंच निकाल लावला असता. आता पुण्याचं सीओईपी, माटुंग्याचं व्हीजेटीआय, तिथलंच आयसीटी, सांगलीचं वालचंद, सगळीच आवाक्यात.

"काय रं, कशात जाणार?"

"बघू की, काका."

"लातूरला दोन वर्षं ठिवलं, तिथं बी बघतच हुतास व्हय?"

फॉर्ममध्ये कॉलेज आणि ब्रँच जोडीनं भरायची असते. पसंतीक्रम तीनशेपर्यंत देता येतात, पण 'अजून ठरलं नाही' असा कोड कुठंच नाही. अमेरिकेतल्या पुष्कळ विद्यापीठांत विषय न सांगता प्रवेश मिळतो आणि दुसऱ्या वर्षापर्यंत खुशाल विचार करता येतो. तिथं हा अगदी नियमात बसला असता. इथं त्यानं मेकॅनिकल, टेक्स्टाइल, सिव्हिल असं जे दिसेल ते भरत नेलं.

कारणं मात्र प्रत्येकाला तयार. सीओईपी का? तर 1854 सालचं, विश्वेश्वरय्या तिथं शिकले; शिवाय तिथं बोट क्लब आहे. (ज्या तालुक्यात उन्हाळ्यात टँकरकडे डोळे लागतात, तिथल्या पोराला होडीची भुरळ पडणारच.) आयसीटी का? तर तिथं फूड इंजिनिअरिंग आहे. त्यावर आई म्हणाली, "खवाच आटवायचाय तर मुंबईला कशाला? भूमला भट्ट्या काय कमी हायत?"

मामा सांगतात, "कॉलेज मोठं घे, ब्रँच कुठली बी चालतीया." सर सांगतात, "ब्रँच बघ, कॉलेज पाटीपुरतं." बघूवीराला दोघांचंही मनापासून पटतं. फोनवरच्या एका सल्लागारानं तर 'वाशी' ऐकताच निकाल दिला, "मग माटुंगाच घ्या! लोकलनं तासाभरात घरी." बघूवीरानं तेही लिहून घेतलं.

मला विचाराल तर सतराव्या वर्षी 'बघू' म्हणणारं पोर निदान खरं बोलतं. बाकीची 'कॉम्प्युटर' हे उत्तर पाठ करून येतात आणि आपण त्यांना ध्येयवादी म्हणतो.

पहिल्या राउंडला पहिलीच पसंती मिळाली तर ती सीट आपोआप गोठते. मग पुढच्या राउंडला बघायची सोय संपली. म्हणून बघूवीरानं डोकं लढवलं आणि आपल्याला मिळणारच नाही अशी सीट पहिल्या क्रमांकावर टाकली : सीओईपी, इलेक्ट्रिकल.

मिळाली.

घरात पेढे आले. आजीनं दृष्ट काढली. बघूवीर मोबाइलवर, पहिल्या वर्षानंतर ब्रँच बदलता येते का, ते शोधत बसला. तेवढ्यात शेजारचे तात्या विहिरीवरची जळालेली मोटार खांद्यावर घेऊन दारात हजर.

"इलेक्ट्रिकल मिळालं म्हणं. मग हिचं तेवढं बघ."

मोटार ओट्यावर ठेवून, दोन पेढे उचलून, तात्या गेलेसुद्धा.