पोटरीची मोजणी

जावई : दोन्ही नमुने कागदावर काढून आणलेत, आप्पा. हा २६.२ आणि हा ४२.१९५. उजव्या पोटरीवर गोंदवायचाय. चार वाजताची वेळ घेतलीय. तुम्ही फक्त एवढंच सांगा, मैल की किलोमीटर?

सासरे : पोटरी तुमची, पैसे तुमचे. मला कशाला विचारताय?

जावई : घरात मोजणीतलं कळणारे तुम्ही. चौतीस वर्षं जमिनी मोजल्यात.

सासरे : मग रीतसर अर्ज करा. आमच्या वेळी होती तशी, साधी मोजणी, तातडीची की अतितातडीची?

जावई : चार वाजता म्हटलं ना.

सासरे : अतितातडी. फी जास्त पडेल, आधी आत चहा सांगून या. बरं, वाद काय आहे?

जावई : वाद नाहीच हो. अंतर एकच. मैलात सांगायचं की किलोमीटरात, एवढाच प्रश्न.

सासरे : एकच? कोण म्हणतं? तो कॅल्क्युलेटर द्या इकडे. मैल म्हणजे १,६०९.३४४ मीटर. गुणिले २६.२. आले ४२,१६४.८. आणि तुमची मॅरेथॉन ४२,१९५ ची. तीस मीटर कुठे गेले, जावईबापू?

जावई : राउंड केलंय. जगभर सव्वीस पॉइंट दोनच म्हणतात.

सासरे : जगभराला म्हणू द्या. हे फुटात किती होतात बघा. नव्व्याण्णव. आमची शंकू साखळी तेहतीस फुटांची. म्हणजे बरोबर तीन साखळ्या! तीन साखळ्या जमीन गायब आणि तुम्ही म्हणता राउंड केलं. अहो, आमच्या तालुक्यात अर्ध्या साखळीच्या बांधापायी सख्खे भाऊ एकमेकांच्या मयतीला गेले नाहीत.

जावई : मग ४२.२ करू? सुटसुटीत दिसेल.

सासरे : आता पाच मीटर पुढं सरकलात. याला अतिक्रमण म्हणतात. मघाशी भोळे होता, आता लबाड झालात.

जावई : म्हणून तर ४२.१९५ काढलंय. अगदी नेमकं.

सासरे : नेमकं कुणाच्या मोजणीनं? मूळ टिपण कुठाय?

जावई : मूळ म्हणजे १९०८. लंडनचं ऑलिंपिक. विंडसरच्या राजवाड्यापासून व्हाइट सिटीच्या स्टेडियमपर्यंत सव्वीस मैल, आणि आत शिरल्यावर राजघराण्याच्या आसनांसमोरपर्यंत आणखी ३८५ यार्ड.

सासरे : वाड्यापासून गादीपर्यंत!

जावई : तसं म्हणा हवं तर.

सासरे : तसंच म्हणणार. आमच्याकडेही वाट कुठून मोजायची? पाटलाच्या वाड्यापासून. कुठपर्यंत? पाटलाच्या मळ्यापर्यंत. मधलं गाव आपलं उगाच. त्याआधी किती होतं हे अंतर?

जावई : अथेन्सला १८९६ मध्ये साधारण चाळीस किलोमीटर. लंडननंतरही पक्कं नव्हतं. १९१२ ला स्टॉकहोममध्ये ४०.२, १९२० ला अँटवर्पमध्ये ४२.७५. शेवटी १९२१ मध्ये लंडनचाच आकडा कायम केला.

सासरे : म्हणजे तेरा वर्षांनी फेरफार मंजूर. तरी लवकर झाला. आणि मूळ दस्त मैल-यार्डातला. मग पोटरीवर तोच उतरवा, २६ मैल ३८५ यार्ड.

जावई : पोटरी आहे, आप्पा. सातबारा नाही.

सासरे : थांबा, तेही मीटरात करून बघतो... ४२,१९४.९८८. तुमच्या नेमक्या आकड्यात सव्वा सेंटीमीटर जास्त धरलाय. जाऊ दे. एवढ्यात हद्दीचा दगडसुद्धा बसायचा नाही.

जावई : म्हणजे किलोमीटर पक्कं?

सासरे : मी कुठं म्हटलं? तुमचं मन कुणीकडे आहे?

जावई : तीच पंचाईत आहे. मुंबईत रस्त्यावरच्या पाट्या किलोमीटरच्या. एक, दोन, तीन करत आपण बेचाळीसपर्यंत जातो. पण न्यूयॉर्कला, बोस्टनला मैलाच्या पाट्या. तुमची धाकटी लेक न्यू जर्सीत आहे, तिच्या गाडीच्या मागच्या काचेवर २६.२ चा स्टिकर आहे. तिथं कुणालाही दाखवा, ओळखतात. पुढंमागं न्यूयॉर्कला पळायचं मनात आहे. तिथं माझ्या पोटरीवर ४२.१९५ वाचून लोक काय समजतील?

सासरे : आणि इथं २६.२ वाचून काय समजतील? सव्वीस फेब्रुवारी. पेट्रोल पंपावर पोरगं विचारेल, काका, वाढदिवस का? ४२.२ लिहिलंत तर म्हणतील अकोल्याचं काल दुपारचं तापमान.

जावई : चेष्टा करताय.

सासरे : मोजणीत चेष्टा नसते. बरं, तुमच्या स्कूटरला मायलेज किती?

जावई : बेचाळीसच्या आसपास.

सासरे : बेचाळीस काय? मैल?

जावई : किलोमीटर. लिटरला.

सासरे : मग त्याला मायलेज का म्हणता? आणि रस्त्याच्या कडेला किलोमीटर लिहिलेला दगड असतो, त्याला काय म्हणता?

जावई : मैलाचा दगड.

सासरे : मापाचा कायदा १९५६ सालचा. पंचवीस पैशाला चार आणे म्हणणारी माणसं गेली, पण मैल काही गेला नाही. दगडावरचा आकडा पुसला, तोंडातला नाही पुसला. आता बघा. शेत गुंठ्यात, त्याचा सातबारा हेक्टर-आरमध्ये, त्यावर बांधलेला फ्लॅट स्क्वेअर फुटात. ऊन सेल्सियसमध्ये आणि त्या उन्हानं आलेला ताप फॅरनहाइटमध्ये. ब्लाऊजचं कापड मीटरवर घ्यायचं आणि माप इंचात द्यायचं. तोळा तर दहा ग्रॅमचा होऊन बसला, तरी तो तोळाच. अशा घरातला जावई म्हणतो, मैल की किलोमीटर एकदाचं ठरवा!

जावई : निदान शर्यतीचं अंतर तरी पक्कं मोजतात. तुम्हाला आवडेल ऐकायला. सायकलवर मोजतात.

सासरे : सायकलवर? बनवताय म्हाताऱ्याला?

जावई : खरंच. पुढच्या चाकाला एक काउंटर बसवतात. आधी सरळ रस्त्यावर पोलादी फितीनं एक पट्टा आखतात आणि त्यावरून सायकल चार वेळा नेऊन चाकाचे किती अंक पडतात ते बघतात. मग मार्ग मोजायचा. मोजून झालं की परत त्याच पट्ट्यावर चार वेळा. ऊन चढलं की टायरमधली हवा फुगते, तोही फरक धरायचा.

सासरे : (सरसावून बसत) उन्हानं साखळीसुद्धा वाढते! बरं, वळणावर?

जावई : पळणारा जास्तीत जास्त आतून जितका जाऊ शकेल, तेवढ्याच वाटेनं. फुटपाथच्या कडेपासून तीस सेंटीमीटरवरून. आणि एवढं करूनही किलोमीटरमागं एक मीटर वाढवून आखायचा, म्हणजे पुढंमागं तपासलं तर कमी भरायला नको.

सासरे : वा! म्हणजे बेचाळीस मीटर जादा. चार साखळ्यांहून जास्त, आणि तेही देणाऱ्याच्या पदरचे. नाव काय त्या माणसाचं?

जावई : कुणाच्या?

सासरे : तुमच्या शर्यतीचा रस्ता ज्यानं सायकलवरून मोजला त्याच्या.

जावई : ते कुणाला माहीत असतं?

सासरे : बघा! मेडल पळणाऱ्याला, फोटो पळणाऱ्याचा, गोंदण पळणाऱ्याच्या पोटरीवर. मोजणाऱ्याचं नाव विचारायचंच नाही. चौतीस वर्षांत मला दोन्ही बांधकऱ्यांनी शिव्या दिल्या, पण चहा एकानंही दिला नाही. ज्याला जमीन मिळाली त्याला वाटायचं हक्काची होती, ज्याची गेली त्याला वाटायचं मी पैसे खाल्ले. आणि या सगळ्यात तुमचं घड्याळ काय म्हणालं?

जावई : ते बेचाळीस पॉइंट नऊ दाखवत होतं.

सासरे : म्हणजे नागमोडी पळालात.

जावई : गर्दी असते हो.

सासरे : असू दे. एकूण क्षेत्र कळलं. आता पोटखराबा सांगा.

जावई : म्हणजे?

सासरे : जमिनीत ओढा असतो, खडक असतो, नांगर चालत नाही असा भाग असतो. तो पोटखराबा. तो वजा करून लागवडीखालचं क्षेत्र काढायचं. तुमचा तर अक्षरशः पोटाचाच होता म्हणे. ते साखरेचं चिकट पाकीट प्यायलात आणि...

जावई : तिनं सांगितलं?

सासरे : लेक आहे माझी.

जावई : आणखी काय सांगितलं?

सासरे : बत्तीसपासून चाललात. परतीच्या पेडर रोडच्या चढाला कठडा धरून उभे होतात. म्हणजे बेचाळीस पॉइंट एकशे पंच्याण्णव वजा दहा पॉइंट एकशे पंच्याण्णव. निव्वळ बत्तीस. तेवढंच गोंदवा, टिंबाची कटकटच नाही.

जावई : (कागद गुंडाळत) बरोबर आहे. मेडल घेऊन मी आधी तुमच्याकडे आलो होतो. आठवतं काय विचारलंत?

सासरे : काय विचारलं?

जावई : कितवा नंबर आला.

सासरे : सहज विचारलं हो. शर्यतीतनं आलेल्या माणसाला दुसरं काय विचारणार?

जावई : सात महिने पहाटे साडेचारला उठलो. शेहेचाळिसाव्या वर्षी. आधी सोसायटीचा जिना चढताना धाप लागायची. पायाची दोन नखं काळी पडून गळाली. यातलं एक तरी विचारायचं होतं. त्या लंडनच्या शर्यतीत पिएत्री म्हणून इटलीचा एक होता. स्टेडियममध्ये पहिला शिरला आणि पुन्हा पुन्हा कोसळला. लोकांनी धरून उठवला, रेषेपार नेला. नंतर बाद ठरला. जिंकला अमेरिकेचा हेज. पण दुसऱ्या दिवशी राणीनं पिएत्रीला कप दिला, आणि लोकांना आजही तोच आठवतो.

सासरे : उठवला कुणी?

जावई : पंचांनीच.

सासरे : मग बाद व्हायचाच. पंचांनी पंचनामा करायचा असतो, हात लावायचा नसतो.

जावई : तुम्हाला प्रत्येक गोष्टीत... जाऊ दे. मला एवढंच सांगा, जमीन पडीक राहिली म्हणून तिचं क्षेत्र कमी होतं?

सासरे : (थोडं थांबून) नाही. एकूण क्षेत्रात पोटखराबा धरतात.

जावई : मग मी चाललो काय आणि रांगलो काय, रेषा ओलांडली ना? अंतर माझ्या नावावर लागलं.

सासरे : लागलं. पण पोटखराब्यावर आकारणी होत नाही, हेही लिहून ठेवा.

जावई : ठेवतो. दुसऱ्या पोटरीवर.

(सासूबाई चहा घेऊन येतात.)

सासूबाई : आवाज का चढलाय? आणि जावईबापू, तुम्ही काय गोंदवून घेताय म्हणे?

जावई : आकडा, आई. पळालो त्या अंतराचा.

सासरे : पळाले आणि चालले त्या.

सासूबाई : तुम्ही गप्प बसा हो. हे बघा, मी नऊ वर्षांची असताना जत्रेत आईनं माझ्या हातावर तुळस गोंदवून घेतली होती. दोघींनी मला धरून ठेवलं होतं. आमची आजी म्हणायची, दागिने इथंच राहतात, वर जाताना एवढंच बरोबर येतं.

जावई : तुळस? ही?

सासूबाई : तेव्हा तुळस होती. आता कोबी दिसते. गोंदण पसरतं, जावईबापू.

सासरे : ऐका! आणि तुमच्या आकड्यात सगळा जीव त्या एका टिंबात. वीस वर्षांत ते टिंब पसरून शेजारच्या आकड्यात शिरलं की झाले बेचाळीस हजार एकशे पंच्याण्णव. हॉस्पिटलात नर्स विचारेल, आजोबा, हा घराचा हप्ता का?

सासूबाई : आणि आकडे मराठीत काढा. देवनागरी.

जावई : ते काढणाऱ्याला येत नाहीत, आई.

सासूबाई : मग त्याला पाटीवर गिरवून द्या. ह्यांचं अक्षर चांगलं आहे. चौतीस वर्षं आकडेच काढलेत.

सासरे : मी काही गिरवून देणार नाही. पाचाचं शेपूट चुकलं तर पोटरीवर जन्मभर माझं नाव. बरं, घेतो किती हा माणूस?

जावई : चौरस इंचावर घेतो. इंचाला पाचशे.

सासरे : काय म्हणालात?

जावई : इंचाला पाचशे.

सासरे : अंतर किलोमीटरात, दर चौरस इंचात! आणि सकाळपासून मला विचारताय कोणतं माप धरू! (सासूबाईंना) अहो, तुमच्या शिवणाच्या डब्यातली फीत आणा जरा.

जावई : फीत कशाला?

सासरे : कशाला म्हणजे? पाच आकडी नमुना आणि टिंब. पोटरीचा घेर न मोजता जाणार? तो एक इंच वाढवून लावेल, तुम्ही राउंड केलं म्हणून गप्प बसाल. पॅन्ट वर घ्या. सरळ उभे राहा. वजन दोन्ही पायांवर.

जावई : पावणेचार झाले, आप्पा.

सासरे : लगतच्या खातेदाराला नोटीस दिली का?

जावई : लगतचा कोण?

सासरे : आमची लेक. तिची हरकत आली तर मोजणी थांबते.

जावई : तिला संध्याकाळी दाखवणार आहे. झाल्यावर.

सासूबाई : अगंबाई.

सासरे : हलू नका म्हटलं ना. फीत सरकते. हं. सदतीस.

जावई : सदतीस काय?

सासरे : सदतीस... थांबा. ही बाजू कुठली? अहो, माझा चष्मा कुठे ठेवलात?