धूम्रपान यंत्रास अनावृत पत्र

श्री. रा. रा. धूम्रपान यंत्र,
मुक्काम प्रयोगशाळा, यांस

साष्टांग नमस्कार वि. वि.

अर्धशतकाहून जास्त काळ आपण सिगारेटी ओढत आहात आणि आपल्याला अद्याप एकदाही ढास लागलेली नाही, याबद्दल आधी अभिनंदन. आपला झुरका ३५ मिलिलिटरचा, दोन सेकंदांचा आणि मिनिटाला एकच. साहेबांनी झापलं, बस चुकली, जावई रुसला, तरी आपला झुरका छत्तिसाव्या मिलिलिटरवर जात नाही. आपल्या सिगारेटी २२ अंश सेल्सिअस आणि ६० टक्के आर्द्रतेत दोन-दोन दिवस मुरवतात म्हणे. आमच्याकडे लोणच्याचीही एवढी बडदास्त नसते.

आपण ओढलेला धूर काचतंतूंच्या चकतीतून जातो. चकतीवर जमलेल्या ऐवजातून पाणी आणि निकोटिन वजा केलं की उरतं ते टार. १९६७ पासून अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने हा हिशेब मान्य केला आणि आपली पत वाढली.

सिगारेट कंपन्यांनी आपला स्वभाव बरोबर हेरला. फिल्टरभोवती बारीक भोकं पाडली. आपण सिगारेट अशी अदबीने धरता, की भोकं मोकळी राहतात, त्यांतून हवा शिरते, धूर पातळ होतो आणि कागदावर टार कमी दिसतं. माणूस मात्र त्याच भोकांवर बोटं किंवा ओठ ठेवतो. निकोटिन कमी पडलं तर जोरात ओढतो, आत धरून ठेवतो, थोटकाचा चटका बसेपर्यंत सोडत नाही. म्हणजे ‘लाइट’ सिगारेट लाइट होती ती फक्त आपल्यासाठी. २००८ मध्ये त्याच कमिशनने आपल्या आकड्यांवरचा वरदहस्त काढून घेतला आणि २०१० मध्ये अमेरिकेतल्या पाकिटांवरून ‘लाइट’, ‘माइल्ड’ हे शब्दही गेले. एकेचाळीस वर्षं नोकरी केली आणि निरोपाला नारळही मिळाला नाही. वाईट वाटतं.

आमच्या विडीने तर आपली शिस्त पहिल्याच मिनिटाला मोडली. तेंदूच्या पानाची विडी मिनिटाला एका झुरक्यावर पेटती राहत नाही, विझते. संशोधकांना आपला वेग वाढवून मिनिटाला दोन झुरके करावे लागले. एवढं साधं टपरीवरच्या पोरालाही ठाऊक होतं.

शेवटी शास्त्रज्ञांनी आपला नाद सोडला आणि एक छोटा कप घेऊन ते माणसांकडे गेले. लघवी खोटं बोलत नाही. त्यात कॉटिनिन सापडतं, म्हणजे शरीराने निकोटिन मोडून केलेली चिल्लर. पण कॉटिनिन निकोटिनची पट्टी लावणाऱ्यातही सापडतं. म्हणून सोबत एनएनएएल मोजतात. एनएनके नावाचा कर्करोगकारक पदार्थ पोटात गेल्याची ही पावती, आणि ती तंबाखूच फाडते. एनएनके तयार व्हायला विस्तव लागतोच असं नाही. पानं वाळवताना, मुरवतानाच तो तयार होतो.

इथे आपली आणि माझ्या मामांची एकदमच पंचाईत होते. मामा गेली चाळीस वर्षं चारचौघांत सांगत आले आहेत, “आपल्याला सिगारेटचं व्यसन नाही हां.” हे सांगताना त्यांचा अंगठा तळहातावर चालू असतो. तंबाखू, बोटभर चुना, मळणं, दोन टाळ्या, बार. चुन्याने निकोटिन मोकळं होतं आणि गालाच्या आतल्या कातडीतून झपाट्याने रक्तात उतरतं. हे रसायनशास्त्र मामांना शाळेत कोणी शिकवलं नव्हतं. अमेरिकेत २०१३ मध्ये सुरू झालेल्या ‘पाथ’ नावाच्या मोठ्या पाहणीत हजारोंची लघवी तपासली, तेव्हा नुसती बिनधुराची तंबाखू वापरणाऱ्यांत एनएनएएल सिगारेटवाल्यांपेक्षाही जास्त निघालं. नुसती ई-सिगारेट ओढणाऱ्यांत ते बरंच कमी होतं. पण ई-सिगारेट धरली आणि साधी सुटली नाही, अशा दोन्ही घरच्या पाहुण्यांची अवस्था नुसत्या सिगारेटवाल्यांहून बरी नव्हती.

तेव्हा महाराष्ट्रात बदली मागण्याचा विचार असेल, तर कृपया करू नका. २०१६-१७ च्या पाहणीत राज्यातले ३.८ टक्के प्रौढ धूर काढत होते आणि २४.४ टक्के बिनधुराची तंबाखू वापरत होते. आमची आजी सकाळी तव्यावर तंबाखू भाजून मशेरी करायची आणि दाताला लावून ओट्यावर बसायची. तिच्यासमोर आपण काय ओढणार होतात? गुटख्यावर इथे २०१२ पासून बंदी आहे. तो ज्याला हवा असतो त्याला कुठे मिळतो, हे आपल्या चकतीवर उमटत नाही.

आपल्याला फुप्फुस नाही, गाल नाही आणि मुख्य म्हणजे लघवी नाही. तरी इतकी वर्षं आपण आमच्या वतीने व्यसन केलंत, त्याबद्दल आभार. लोभ आहेच, तो कमी करण्याचा प्रयत्न चालू आहे.

आपला,
एक भाचा

ता. क. मामांना त्या कपाची गोष्ट सांगितली. थोडा वेळ गप्प राहून त्यांनी विचारलं, “आणि आदले चार दिवस खाल्लीच नाही तर?” चार दिवसांत कॉटिनिन बहुतेक उतरतं. एनएनएएल कित्येक आठवडे राहतं.