सराईत कायद्यास खुले पत्र

मा. गुन्हेगार जमाती कायदासाहेब,
जन्म 1871, हल्ली मुक्काम : पोलिसांची जीप.



31 ऑगस्ट 1952 ही तुमच्या मरणाची तारीख आम्हाला तोंडपाठ आहे. दरवर्षी त्या दिवशी आम्ही विमुक्त दिन साजरा करतो, हार घालतो, भाषणं ठोकतो. तुम्ही गेलात म्हणे. मग कुठे घरफोडी झाली की जीप आधी पारध्यांच्या पालांकडेच का वळते? ड्रायव्हरला पत्ता कोण सांगतं?

तुमची कार्यपद्धती मात्र मानली पाहिजे. माणसानं गुन्हा केला का, या चौकशीत वेळ दवडायचा नाही; कोणाच्या पोटी जन्मला एवढंच बघायचं. सरकारनं जमात एकदा यादीत घातली की कोर्टानंही त्यावर शंका घ्यायची नाही, ही सोय तुमच्या कलमांतच होती. 1911 साली तुमचा अंमल आमच्या मुंबई इलाख्यातही सुरू झाला आणि सोलापूरला सेटलमेंट लाभली. कैकाडी, टकारी, कंजारभाट, पारधी कुटुंबं तारांच्या आत. कामाला गिरणी, परतल्यावर हजेरी. परगावी सोयरीक बघायला जायचं तरी पास हवा. बिनपासाचा सापडला तर वॉरंटही नको. गिरण्यांना मजूर मिळाले, सरकारला सुधारणेचं पुण्य. त्याच सुधारणेपायी लेकरं आईबापांपासून तोडायची तरतूद करायलाही तुम्ही विसरला नाहीत. केवढी ही माया!

तारा तुटल्या. सेटलमेंटचं नाव आजही सोलापूरच्या पत्त्यांत आहे, आणि तिथला पोरगा ठाण्यात पत्ता सांगतो तेव्हा समोरच्याची भुवई वर जाते. तुम्ही मात्र 1959 साली मुंबई राज्यात नाव बदलून हजर झालात : सराईत गुन्हेगार कायदा. जमातीऐवजी माणूस लिहिला, नजर तीच ठेवली. पुन्हा पुन्हा तोच गुन्हा, दर वेळी नवं नाव. साहेब, सराईत कोण?

तुरुंगांतही तुमची वट होतीच. 3 ऑक्टोबर 2024 रोजी सर्वोच्च न्यायालयानं तुरुंगांच्या नियमावल्यांतली जातीवरून कामं वाटणारी कलमं रद्द केली, कैद्यांच्या रजिस्टरातला जातीचा रकाना काढायला सांगितला आणि विमुक्तांना मनमानी अटक करू नका, असं पोलिसांना बजावलं. त्याआधी 2020 साली प्रत्येक ठाण्यात सीसीटीव्ही लावायचा आदेश निघाला होता. तुम्ही घाबरू नका. कॅमेरा ठाण्याच्या भिंतीवर असतो. "चल, साहेबांनी बोलावलंय" हे पालापाशी म्हटलं जातं. बाई मागे धावत विचारते, "कशापायी नेता?" उत्तर मिळतं, "चौकशीला." चौकशी संपेपर्यंत तिची मजुरी बुडते, वकिलापायी शेळी विकली जाते. पुढे पोरगा निर्दोष सुटला तरी शेळी परत येत नाही.

म्हणून आता तुमच्यासाठी काही अटी. ज्याला उचलाल त्याच्या अटकेचं कारण त्याला कळेल अशा भाषेत लेखी द्या. घरच्यांना त्याच दिवशी कळवा. कोणत्या वस्तीतून किती माणसं संशयावरून उचलली आणि कितींवर गुन्हा शाबीत झाला, हे जिल्ह्यानं दरवर्षी जाहीर करावं. आकडे तुमच्या बाजूनं असतील तर तुम्हाला लाजायचं कारण नाही.

सोलापूर सोडून जायचं असेल तर खुशाल जा. पास आम्ही देऊ.

आपला,
एक सोलापूरकर