साभारभाऊ

रत्नागिरीत मिरकरवाड्याच्या जेटीवर सुरमईला दलाल मिळतो, लेखकाला मिळत नाही. विलायतेत म्हणे लेखकांनाही एजंट असतात आणि प्रकाशकाच्या आधी तेच नकार देऊन मोकळे होतात. हे कळल्यापासून साभारभाऊ हळहळताहेत. "म्हणजे एकाच कादंबरीला दोन-दोन नकार! आपण मागे राहिलो ते उगाच नाही."

साभारभाऊ हे काही बारशाचं नाव नव्हे. मच्छीमार सोसायटीत डिझेलचा हिशेब लिहिता लिहिता गृहस्थ कथा लिहू लागले आणि संपादकांच्या 'साभार परत'च्या चिठ्ठ्यांनी त्यांचं दुसरं बारसं केलं. बोटमालक सरकारच्या डिझेल परताव्याची महिनोन्महिने वाट बघत बसायचे. भाऊंचा परतावा मात्र वेळेवर यायचा. तिकीट लावलेलं पाकीट ते स्वतःच जोडत असत ना!

या चिठ्ठ्यांची त्यांनी फाईल केली आहे. सगळ्यात वर मान 'सत्यकथे'चा. १९८२ साली ते मासिक बंद पडलं तेव्हा भाऊंनी सुतक पाळलं. "नकार द्यावा तर त्यांनीच! आधी सुधारून पाठवा म्हणायचे, मग सुधारलेलंही परत करायचे. केवढी आस्था!" १९९०चं साहित्य संमेलन रत्नागिरीत भरलं तेव्हा भाऊ बाड घेऊन मांडवाच्या दारातच उभे होते. संपादकांना टपालखर्चाशिवाय समक्ष नकार देण्याची सोय!

'मनोरंजन' मासिकाने १९०९ साली दिवाळी अंकाची प्रथा पाडली, ती भाऊंना मिरकरवाड्यासाठीच पाडल्यासारखी वाटते. अंकांना साहित्य हवं असतं ऐन पावसाळ्यात आणि १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद. जाळी दुरुस्त करणाऱ्यांसमोर भाऊ कथा वाचतात. श्रोत्यांचे हात जाळ्यात गुंतलेले, त्यामुळे कुणाला उठता येत नाही. एकदा एका तांडेलाला राहवलं नाही. "भाऊ, तुमची पुण्यातली बाई तीन वर्षं खिडकीतून पाऊसच बघतेय. इथं पावसाआधी बोटी वर ओढताना आमच्या कमरा मोडतात, ते कधी लिहिणार?" भाऊंनी तेही लिहिलं, तांडेलाच्याच भाषेत. संपादकांचा शेरा आला: बोली कळत नाही. साभार परत.

आता कारभार ईमेलचा. 'दोन महिन्यांत उत्तर न आल्यास नकार समजावा.' भाऊ भडकतात. "समजावा म्हणजे काय? लिहायचंही आपण आणि नाकारायचंही आपणच?"

गेल्या वर्षी एका दिवाळी अंकानं कथा चक्क स्वीकारली. अट एवढीच, की लेखकानं एक जाहिरात मिळवून द्यावी. भाऊ बर्फाच्या कारखान्यात गेले. मालकानं वहीतून मानही वर केली नाही. "पुढच्या वर्षी बघू."

आयुष्यभर नकार पचवलेला हा माणूस त्या दिवशी मात्र तणतणत घरी आला. "काय ही नकार द्यायची पद्धत! मेल्याला निदान 'साभार' तरी म्हणता येत होतं!"