टेंभूची भरती

आटपाडीचा माणूस हौसेनं मासे धरायला बसतो हे ऐकून आमचे निम्मे पाहुणे हसतात आणि उरलेले निम्मे डॉक्टर सुचवतात. त्यांचं चुकत नाही. माणदेश म्हटलं की लोकांना चारा छावणी, टँकर आणि मेंढरं आठवतात. आमच्या तालुक्यानं मराठीला माडगूळकर बंधू दिले, शंकरराव खरात दिले, बाजाराला डाळिंब आणि खिलार बैल दिले. मासा काही दिला नाही. पाहुणचार म्हणजे बोकड, हे इथं पोराला पाळण्यात कळतं. बाजारात मेंढराचे दात बघून वय सांगणारा गडी माशापुढं मात्र गप्प होतो. दात बघायचे कुठं, तिथूनच अडचण.

माझं बिघडलं ते सासुरवाडीमुळं. मेहुणा दाभोळच्या खाडीकाठचा. तो मासे ‘धरत’ नाही, ‘गरवायला’ जातो, आणि जाण्याआधी पंचांग बघतो. तिथीची पाऊणपट करायची की पूर्ण भरतीची वेळ निघते, हा किनाऱ्यावरचा जुना हिशेब. चतुर्थीला तीन वाजता, एकादशीला सव्वाआठला. एकादशीचा हा असला उपयोग पंढरीच्या वाटेवर वाढलेल्या माणसाला झेपत नाही. पण तांबोशी समोर आली की विठ्ठल समजून घेतो असं मेहुण्याचं मत आहे. अमावस्या-पौर्णिमेला उधाण, अष्टमीच्या आसपास भांग. सगळं चंद्राच्या हातात, आणि चंद्राची आजवर कुठलीही थकबाकी नाही.

आमची भरती थकबाकीवर चालते. कऱ्हाडच्या खाली टेंभूला कृष्णा अडवायची, तिथून पाच टप्प्यांत पंपांनी वर चढवायची आणि कालव्यानं दुष्काळी तालुक्यांत आणायची, अशी ही योजना. आवर्तन सुटलं की आटपाडीला भरती, वीजबिल थकलं की ओहोटी. त्यामुळं मेहुणा तिथी विचारतो तेव्हा मी बिल भरलंय का ते विचारतो.

गंमत अशी की दोघांचं पाणी निघतं एकाच धरणातून. कोयनेचं काही पाणी बोगद्यातून सह्याद्री ओलांडून पोफळीला पडतं, वीज करतं, वाशिष्ठीतून दाभोळच्या खाडीत जातं. काही पाणी नदीनं कऱ्हाडला येऊन कृष्णेला मिळतं आणि पुढं टेंभूला आमच्या वाट्याला येतं. मेहुण्यानं यावर निकाल दिलाय : “भावोजी, आमचं पाणी उतरतं आणि वीज देऊन जातं. तुमचं चढतं आणि वीज खाऊन येतं. मासे कुठं खूश असतील सांगा.” बायकोनं लगेच भावाची बाजू घेतली.

तरीही मी बसतो. तलावाच्या बांधाचे दगड, तंगूस, गळ, ज्वारीच्या ताटातल्या भेंडाचा तुकडा आणि शेंगदाण्याची पेंड मळलेली कणीक, एवढ्यावर भागतं. भेंड आधी दोनदा डुचमळतो, मग आडवा सरकतो. तो सरकला की चिलापी. हाताएवढा करडा मासा, पाठीवर असे काटे की धरणाऱ्याच्या तळहातावर हजेरी लावूनच टोपलीत जातो. मूळचा आफ्रिकेचा, 1952 साली भारतात आणलेला. गढूळ पाण्यात राहतो, खाऱ्यातही निभावतो. मादी अंडी तोंडात सांभाळते आणि तोवर खाणं सोडते. तेव्हा गळाला लागतात ते बहुतेक बापच असावेत, असा माझा अंदाज.

रोहू-कटल्याचं प्रकरण वेगळं. ते साचल्या पाण्यात अंडी घालत नाहीत, त्यांची बोटुकली बाहेरून आणून सोडावी लागते. ती सोडतो ठेकेदार. म्हणजे ते मासे पाण्यात असले तरी वहीतही असतात. राजेवाडीच्या तलावावर जावं, तर तो इंग्रजांच्या काळातल्या दुष्काळी कामातला, आटपाडी आणि माणच्या शिवेवरचा. पाण्याचा मुख्य लाभ सांगोल्याला. काठ तेवढा आमचा.

पण माशापेक्षा त्रास माणसांचा. मेंढरं घेऊन जाणारा आबा थांबतो.

“घावलं का?”

“न्हाई अजून.”

“मग बसलायसा कशाला?”

एवढं विचारून तोही बसतो. मोटारसायकलवरून जाणारा बघतो की दोघं बसलेत, म्हणजे कुणी बुडालं असणार, म्हणून तोही उतरतो. मग सल्ले सुरू होतात. सांडव्याकडं टाक, खोलात टाक, गांडूळ लाव. पाण्यात मासे किती हे कुणालाच ठाऊक नसतं. ते नेमके कुठं आहेत हे सगळ्यांना ठाऊक असतं. मेंढरं तोवर कुणाच्या तरी मक्यात शिरतात आणि सभा बरखास्त होते.

तुम्हाला हौस असेल तर जरूर या. खाडीवर जाणार असाल तर तिथीची पाऊणपट आधी करून घ्या. जून-जुलैत यांत्रिक होड्यांना बंदी असते, त्या दिवसांत सुरमईच्या आशेनं मेहुण्याकडं जाऊ नका. आटपाडीला येणार असाल तर आवर्तन सुटलंय का ते विचारा, ठेकेदाराची परवानगी घ्या, आणि निघण्याआधी मला फोन करा, म्हणजे मटण सांगून ठेवता येईल.